धुरकट मिरचीचं मेक्सिकन गोळ्यांचं सूप : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मेक्सिको सिटीत बहुतेक घरांत हीटर नसतो. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जवळजवळ नऊशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर छान ऊन असतं, पण रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि फरशीतून गारठा पायांत चढायला लागतो. आमच्या तिथल्या पहिल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी एका संध्याकाळी वाडगा वर पाठवला. टोमॅटोचा पातळ लाल रस्सा, त्यात लिंबाएवढे चार गोळे, गाजर-बटाट्याच्या फोडी आणि वर कोथिंबीर. पहिल्या घोटाला तिखट लागलं नाही. आधी धूर लागला, चुलीवरच्या स्वयंपाकासारखा. तिखट मागून आलं, घशात उतरलं आणि बराच वेळ ऊब देत राहिलं.

ते सूप मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले आणि आता पुण्यात दर थंडीत करते. तिकडे त्याला ‘सोपा दे अल्बोंदिगास’ किंवा ‘काल्दो दे अल्बोंदिगास’ म्हणतात. अल्बोंदिगा म्हणजे खिम्याचा गोळा. शब्द मुळात अरबी आहे. ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, आणि त्यावरून छोटी गोल गोळी. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर मेक्सिकोत पोचला. आपल्या ‘बंदूक’ या शब्दाचं मूळही याच ‘बुंदुक’मध्ये आहे, आणि गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांचा ‘आल्मोंदेगा’ हा त्याचाच भाऊ. गोळा असा समुद्रापलीकडून आला, पण तो ज्या रश्श्यात शिजतो तो टोमॅटो आणि मिरचीचा, म्हणजे अस्सल तिथल्या मातीतला. ‘टोमॅटो’ हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतला.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट मनाशी पक्की करा. हे सूप तिखट आहे, मसालेदार नाही. करताना आपला हात सवयीने आल्याकडे, हळदीकडे, गरम मसाल्याकडे जातो, तो थांबवायचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खिम्यात धणेपूड आणि गरम मसाला घातला होता. गोळे चविष्ट झाले, पण मिरचीचा धूर त्यात पार बुडाला. दुसऱ्या वेळी सगळं वगळलं आणि तो वाडगा परत भेटला.

सामान (चार-पाच जणांसाठी)

गोळ्यांसाठी: अर्धा किलो बारीक खिमा, ४ टेबलस्पून तांदूळ, १ अंडं, पुदिन्याची १०-१२ पानं, लसणाच्या २ पाकळ्या, पाव चमचा जिरेपूड, पाव चमचा मिरेपूड, १ चमचा मीठ.

रश्श्यासाठी: अर्धा किलो पिकलेले लालबुंद टोमॅटो, १ मध्यम कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, २ चिपोत्ले (धुरावर वाळवलेल्या) मिरच्या, २ टेबलस्पून तेल, हाडांचं दीड लिटर पाणी, अर्धा चमचा सुका ओरेगानो, मीठ.

भाज्या: २ गाजरं, २ बटाटे, पाव किलो झुकिनी.

वरून: कोथिंबीर, बारीक चिरलेला कच्चा कांदा, लिंबू.

झुकिनी महाग वाटली तर कोवळा दुधी घ्या, काही बिघडत नाही. बेंगळुरू किंवा चेन्नईकडे राहणाऱ्यांना बाजारात चौचौ मिळतो, कानडीत त्याला सीमे बदनेकायी म्हणतात. तो घालायला मुळीच कचरू नका. ती भाजी मूळची मेक्सिकोचीच, तिथे तिला ‘चायोते’ म्हणतात आणि या सुपात ती सर्रास पडते. लिंबाचाही प्रश्न नाही. तिथलं ‘लिमोन’ म्हणजे आपलं कागदी लिंबूच, पातळ सालीचं, छोटं आणि रसरशीत.

मिरची आणि तिचा धूर

या सुपाचा जीव चिपोत्ले मिरचीत आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

हालापेन्यो ही जाड सालीची, मांसल हिरवी मिरची. वेराक्रूस राज्यातल्या हालापा शहरावरून तिला हे नाव पडलं. ती झाडावरच पिकून लाल होऊ देतात. साल जाड असल्यामुळे ती आपल्या मिरच्यांसारखी नुसत्या उन्हात नीट वाळत नाही, आतून खराब होते. म्हणून लाकडाच्या धुरावर वाळवायची. धुरावर वाळलेली लाल हालापेन्यो म्हणजे चिपोत्ले. नाहुआत्लमध्ये ‘चिल्ली’ म्हणजे मिरची आणि ‘पोक्त्ली’ म्हणजे धूर. दोन जाती बाजारात दिसतात. छोटी, काळपट-जांभळी ती ‘मोरीता’. मोठी, विडीच्या पानासारखी तपकिरी आणि जास्त वेळ धुरावलेली ती ‘मेको’.

आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या परदेशी किराण्याच्या दुकानांत किंवा ऑनलाइन चिपोत्लेचा छोटा डबा मिळतो. त्यात मिरच्या ‘आदोबो’त म्हणजे टोमॅटो, व्हिनेगर, लसूण घातलेल्या दाट सॉसमध्ये मुरवलेल्या असतात. सुपाला दोन मिरच्या आणि चमचाभर सॉस पुरतो. उरलेला डबा उघडा ठेवू नका. सगळं मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, पुढच्या चार-पाच वेळांची सोय होते.

डबा मिळाला नाही तर घरी असं जमवता येतं. तीन ब्याडगी आणि एक संकेश्वरी मिरची बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची. ब्याडगी रंग देते, संकेश्वरी तिखट देते. नुसती ब्याडगी घेतली तर सूप दिसायला लाल आणि चवीला मवाळ होतं. मिरच्या एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर गूळ आणि लसणाच्या एका पाकळीबरोबर वाटायच्या. हे वाटण एका भांड्यात काढा, मधोमध छोटी वाटी ठेवा, वाटीत रसरशीत निखारा ठेवून त्यावर दोन थेंब तेल टाका आणि लगेच घट्ट झाकण लावा. सात-आठ मिनिटांत वाटण धूर पिऊन घेतं. इथे तूप वापरू नका. तुपाची धुरी आली की चव दाल तडक्याकडे वळते. निखारा साध्या लाकडी कोळशाचा हवा, पटकन पेटावा म्हणून रसायन लावलेला कोळसा नको.

याहून सोपं म्हणजे धुरावलेली पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), एक चमचा. ठीक लागतं. पण एकदा तरी निखाऱ्याची खटपट करून बघा, फरक कळेल.

ओरेगानोचंही सांगते. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतला ओरेगानो भूमध्य समुद्राकडचा, पुदिन्याच्या कुळातला. मेक्सिकन ओरेगानो ही वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे, तिचा वास जास्त उग्र असतो. पुडीतला वापरला तरी चालतो, फक्त तळहातावर चोळून घाला.

हाडांचं पाणी

कोल्हापुरी अळणी करणाऱ्यांना हे शिकवायला नको. पाव किलो मटणाची किंवा अर्धा किलो चिकनची हाडं, अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, कोथिंबिरीच्या काड्या, मीठ आणि दोन लिटर पाणी. कुकरमध्ये एक शिट्टी झाली की मंद आचेवर चाळीस मिनिटं, चिकनच्या हाडांना पंचवीस पुरतात. फक्त अळणीत घालतो ती हळद इथे नको. गाळून घ्या, वरची चरबी चमच्याने काढा. हाडं नसतील तर साधं गरम पाणीही चालेल, गोळे शिजताना त्यात उतरतात. पण मग मीठ-लसूण थोडं वाढवा.

गोळे

मेक्सिकोत गाईचं आणि डुकराचं मांस निम्मं निम्मं घेतात. मी बकऱ्याचा खिमा घेते. खाटकाला दोन गोष्टी सांगायच्या. एक, खिमा दोनदा मशीनमधून काढून द्या. दुसरं, चरबी सगळी काढू नका. शंभर ग्रॅमला पंधरा-वीस ग्रॅम चरबी हवीच, नाहीतर गोळा शिजल्यावर रबरासारखा होतो. चिकनचा खिमा घेणार असाल तर मांडीचा घ्या, छातीचा कोरडा पडतो.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. आपण खिमा धुतो. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं आणि ते पाणी गोळा फोडतं. धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा आणि मग मुठीत घट्ट पिळून घ्या. हाताला पाणी लागतंय तोवर पुढे जाऊ नका.

तांदूळ कच्चाच जातो, पण अर्धा तास भिजवून, निथळून. कोलम किंवा आंबेमोहोरासारखा छोटा दाणा उत्तम. बासमती शिजून लांब होतो आणि गोळ्यातून काट्यासारखा बाहेर येतो. गोळा आत फुगून मऊ राहतो तो या तांदळामुळे, तो वगळू नका.

पुदिना मात्र हवाच. तिकडे त्याला ‘येर्बाबुएना’ म्हणतात, म्हणजे चांगली पाला-वनस्पती, आणि गोळ्यांत तोच घालतात. आठवडी बाजाराला तिथे ‘त्यांगिस’ म्हणतात. आमच्या गल्लीतल्या त्यांगिसमध्ये भाजीवाल्या बाई अल्बोंदिगास करणार असं सांगितलं की न विचारता येर्बाबुएनाची जुडी पिशवीत टाकायच्या, आपल्याकडे कढीपत्ता टाकतात तशी.

आधी खिम्यात फक्त मीठ घालून तीन-चार मिनिटं मळा. सुरुवातीला तो सुटा, ओलसर लागतो. हळूहळू बोटांना चिकटायला लागतो, मूठ उघडली की तंतू ओढल्यासारखे दिसतात. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. हा चिकटपणा आला की मगच अंडं, तांदूळ, बारीक चिरलेला पुदिना, ठेचलेला लसूण, जिरेपूड, मिरेपूड घाला आणि हलक्या हाताने एकत्र करा. कच्चा कांदा घालू नका, त्याला पाणी सुटतं.

सुपारीएवढा तुकडा तव्यावर परतून चाखून बघा. मीठ कमी-जास्त कळायची हीच वेळ. मग हात ओले करून लिंबाएवढे, साधारण तीस ग्रॅमचे गोळे वळा. वीसेक होतात. भेगा राहता कामा नयेत. ताटात पसरून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

काही घरांत प्रत्येक गोळ्याच्या पोटात उकडलेल्या अंड्याचा तुकडा भरतात, नर्गिसी कोफ्त्यासारखा. मुलांना फार आवडतो. पहिल्या वेळी त्या भानगडीत पडू नका.

काल्दियो

काल्दियो म्हणजे टोमॅटोचा पातळ रस्सा. टोमॅटो, चार तुकडे केलेला कांदा आणि सोलायच्या आधीचा लसूण लोखंडी तव्यावर कोरडा भाजा. टोमॅटोच्या सालीवर काळे डाग पडून ती सुटायला लागली की झालं. लसूण सोला. सगळं चिपोत्लेबरोबर मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा आणि गाळणीतून गाळून घ्या. घरी केलेलं धुरी दिलेलं वाटण असेल तर तेही इथेच मिसळा.

आता जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवा आणि गाळलेला रस एकदम ओता. चर्र आवाज यायला हवा. घरमालकीणबाई पातेल्यात बघायच्या नाहीत, ऐकायच्या. आवाज नाही आला तर “नाही मिहा, तेल झोपलंय” म्हणायच्या. मिहा म्हणजे आपलं ‘बाळ’ किंवा ‘पोरी’. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं हा रस परतायचा. केशरी रंग गडद विटकरी होतो, कडेला तेल दिसू लागतं, कच्च्या टोमॅटोचा आंबट वास जातो. आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो तेच हे काम आहे, त्यात घाई केली तर शेवटपर्यंत सूप कच्चं लागतं. मग गाळून ठेवलेलं हाडांचं पाणी आणि ओरेगानो घाला, चवीपुरतं मीठ घाला आणि एक उकळी आणा.

गोळे सोडणं आणि वाट बघणं

उकळी आली की आच कमी करा. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे, खळखळता कामा नये. गोळे एकेक करून डावाने अलगद सोडा, वरून टाकू नका. सगळे सोडून झाले की पहिली सात-आठ मिनिटं चमचा घालायचाच नाही. फारच वाटलं तर पातेलं दोन्ही कानांना धरून किंचित हलवा. वर येणारा फेस काढत राहा.

दहा मिनिटांनी गोळे घट्ट होतात. तेव्हा गाजर आणि बटाट्याच्या बोटभर फोडी घाला, झाकण अर्धवट ठेवा. आणखी बारा मिनिटांनी झुकिनी किंवा दुधी. चौचौ घातला असेल तर तो गाजराबरोबरच. एकूण तीस ते पस्तीस मिनिटं. एक गोळा काढून मधोमध कापा. आत गुलाबी राहिलेलं नको, तांदळाचा दाणा मधल्या पांढऱ्या कणीशिवाय शिजलेला हवा. स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात मटणाला ७१ अंश आणि चिकनला ७४ अंश सेल्सिअस यायला पाहिजे.

मेक्सिको सिटीच्या उंचीवर पाणी जेमतेम ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथल्या वेळा लांबतात. मी तिथे शिकलेली पंचेचाळीस मिनिटं पुण्यात पाळली तेव्हा बटाटे विरघळले. मेक्सिकन पाककृती वाचून करत असाल तर ती कुठल्या गावची आहे ते बघा आणि घड्याळापेक्षा कापलेल्या गोळ्यावर भरवसा ठेवा.

बिघडलं तर

गोळे फुटले तर सगळे बाहेर काढायची धडपड करू नका, आणखी फुटतील. आच अगदी बारीक करा. पुढच्या वेळी पाणी पिळणं आणि मिठाने मळणं, हे दोन नीट करा.

आंबट झालं असेल तर साखर घालण्याआधी गाजराच्या आणखी चार फोडी घालून दहा मिनिटं थांबा. गावरान टोमॅटोला हे बहुतेक वेळा लागतं. तिखट जास्त झालं तर बटाटा आणि वाटीभर हाडांचं पाणी. कडवट लागलं तर मिरची किंवा लसूण तव्यावर जळला होता, त्यावर उपाय नाही. म्हणून भाजताना ओट्यापासून हलू नका.

वाढताना

खोलगट वाडग्यात चार गोळे, भाज्या, भरपूर रस्सा. वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर, लिंबू प्रत्येकाने आपलं आपण पिळायचं. लिंबू पातेल्यात पिळून ठेवू नका, धुराचा वास दबतो. जमलं तर अवोकाडोच्या दोन फोडी. मेक्सिकोत सोबत मक्याच्या गरम तोर्तिया असतात. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, म्हणून साध्या मक्याच्या पिठाची भाकरी तशी लागत नाही. मला विचाराल तर ज्वारीची गरम, पातळ भाकरी या सुपाला तोर्तियापेक्षाही छान साथ देते, आणि बाजरीची त्यावर दडपण आणते. जेवायला बसताना समोरच्याला ‘बुएन प्रोवेचो’ म्हणायचं, म्हणजे अन्न अंगी लागो.

दुसऱ्या दिवशी हे सूप जास्त चांगलं लागतं. मात्र गोळ्यांतला तांदूळ रात्रभर रस्सा पीत राहतो, सकाळी पातेलं आटलेलं दिसेल. गरम करताना वाटी-दीड वाटी पाणी घालून मीठ पुन्हा बघा. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. सगळं सूप गोठवू नका, बटाटा पिठूळ होतो. त्यापेक्षा एका वेळी दुप्पट गोळे वळून निम्मे कच्चेच ताटात सुटे गोठवा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरा. ते न वितळवता थेट थरथरत्या रश्श्यात सोडता येतात, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात.